गाण्याला बाप आहे

कुणी "हे होणार नाही" असं म्हटलं की सिस्टर त्याचं मनगट धरायच्या. दोन बोटं नाडीवर ठेवून ठोके मोजायच्या आणि मग म्हणायच्या, "नाडी तर चालू आहे. मग होत का नाही?"

लोणावळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी अशी कितीतरी मनगटं धरली असतील. इथल्याच एका दवाखान्यात त्या नर्स म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांचं खरं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी घेत नसे. भाजीवाली, रिक्षावाले, चिक्कीच्या दुकानाचे मालक, सगळ्यांच्या त्या सिस्टरच. मीही इथे तेच म्हणतो. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिच्यासमोर मोठमोठी माणसं आपोआप बाही वर सरकवतात.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हॉटेलांचे बिलाचे कॉम्प्युटर, शाळांचे प्रिंटर, बंगल्यांवरचे कॅमेरे, असं माझं काम. एका सकाळी दुकानापुढे रिक्षा थांबली आणि सिस्टर उतरल्या. मागून रिक्षावाला पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड उचलून आणत होता. चादरीची टोकं दवाखान्यातल्या खाटेसारखी घट्ट दुमडलेली. आत एक जुना कॉम्प्युटर होता. मुलाच्या कॉलेजच्या वेळचा. मुलगा नाशिकला नोकरीला गेला, कॉम्प्युटर मागे राहिला.

"याच्यावर गिटार रेकॉर्ड करायची आहे," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"मला. तोंड मिट आणि हा उघड."

मी उघडला. आत धुळीचा थर होता आणि पंख्याच्या पात्यांवर पालीचं वाळलेलं अंडं. मी म्हटलं, "सिस्टर, हा म्हातारा झालाय. याच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मुलाला सांगून नवा लॅपटॉप घ्या."

त्यांनी माझं मनगट धरलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मनगट सोडताना त्या म्हणाल्या, "म्हातारा झाला म्हणून कुणी टाकून देतं का? पथ्य सांग. मी पाळून घेते."

सिस्टर गिटार वाजवतात हे मला ऐकून माहीत होतं, पण ती वाजते कशी ते कधी ऐकलं नव्हतं. पुण्याला नर्सिंग शिकायला गेल्या तेव्हा वसतिगृहात त्यांच्या खोलीत केरळची एक मुलगी होती. ती दर रविवारी प्रार्थनेची गाणी गिटारवर वाजवायची. सिस्टर शेजारी बसून तिची बोटं बघत राहायच्या. शिक्षण संपलं तेव्हा मैत्रिणीने गिटार त्यांना देऊन टाकली.

घरी गाण्याची कमतरता नव्हतीच. त्यांचे वडील गेणू, रेल्वेत गँगमन. दिवसभर घाटात रुळांवर घण मारायचे आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टी घेऊन गावोगाव जायचे. जयंतीला, लग्नाला, बुद्धपौर्णिमेला भीमगीतं म्हणायचे. गाणी स्वतःच रचायचे आणि सगळी तोंडपाठ. मुलीने गिटार पहिल्यांदा घरी आणली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही कुटली पेटी म्हनायची? हिला भाता न्हाई का?" मुलीने वाजवून दाखवल्यावर मात्र बराच वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "लय लांब जातो हिचा आवाज. रुळावर घण मारल्यावानी." तेव्हापासून मावळातल्या एका गायन पार्टीत पेटी, ढोलकी आणि गिटार अशी तिन्ही वाद्यं वाजू लागली. सिस्टर सांगायच्या, लोक आधी बघायला यायचे आणि मग ऐकायला थांबायचे.

ही सगळी हकिगत त्यांनी मला दुकानातच सांगितली, मी धूळ झटकत असताना. मग म्हणाल्या, "आता खरं काम ऐक."

आदल्या आठवड्यात मुख्य रस्त्यावरून एक वरात गेली. डीजेवर गाणं लागलं होतं:

रूळ आम्ही टाकले, गाडी तुमची धावली,
आता पोर माझी तिकीट काढून खिडकीपाशी बसली.

गेणूंचं गाणं. खाली धाड धाड ठोके, वर कुणा अनोळखी गायकाचा आवाज, आणि याच दोन ओळी पुन्हा पुन्हा. सिस्टर रस्त्याच्या कडेला शेवटच्या कडव्याची वाट बघत थांबल्या. ते आलंच नाही. या गाण्यांची रीत अशी की शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव गुंफतो. गेणूंसारख्यांच्या वाट्याला छापखाना नव्हता, कॅसेट नव्हती. नाव ठेवायला तेवढीच एक जागा. ती जागाच कापली होती. मुलाला फोन करून त्यांनी गाणं शोधायला लावलं. गायकाचं नाव होतं, संगीत करणाऱ्याचं होतं, स्टुडिओचं होतं. गीताच्या पुढे लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

"मी त्या स्टुडिओवाल्याला भेटायला चाललेय," सिस्टर म्हणाल्या. "तू पण चल. यंत्रातलं काही बोलला तर मला सांगायला."

स्टुडिओ तळेगावच्या बाजूला होता. चालवणारा तिशीचा, बोलायला नम्र. त्याने आम्हाला गादीच्या खुर्च्यांवर बसवलं, चहा मागवला.

"मावशी, हे गाणं आम्ही लहानपणापासून ऐकतोय," तो म्हणाला. "लोकांचंच आहे. म्हणून पारंपरिक लिहिलं."

"शेवटचं कडवं कुठे गेलं?"

"ते नाचायला संथ पडतं. आणि त्यात कुणाचंतरी नाव आहे. आजच्या पब्लिकला ते कळत नाही."

"ते कुणाचंतरी नाव माझ्या वडिलांचं आहे."

तो जरा सावरून बसला. "असेल. मी नाही म्हणत नाही. पण काही जुनी कॅसेट, एखादं रेकॉर्डिंग?"

नव्हतं. गेणूंचा आवाज कुणीच कधी धरून ठेवला नव्हता. तसं सिस्टरनी सांगितलं.

"मग बघा ना, मावशी. आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. तुमच्याकडे नाही. पारंपरिकच म्हणावं लागतं."

सिस्टर उठल्या. आवाज चढला नाही. दवाखान्यातही त्या कधी ओरडत नसत, ओरडण्याची गरजच पडत नसे. त्या म्हणाल्या, "पारंपरिक म्हणजे ज्याचा बाप कुणाला माहीत नाही ते. या गाण्याला बाप आहे. तोच माझा बाप आहे. त्यांची सगळी गाणी मी रेकॉर्ड करणार. शेवटच्या कडव्यासकट."

"मग इथेच या की," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं असावं. "आमच्या स्टुडिओत म्हणा. सहगायिका म्हणून नाव टाकू. घरी हे होत नाही, मावशी. घरच्या कॉम्प्युटरवर हौस होते, रेकॉर्डिंग होत नाही."

सिस्टरनी त्याचं मनगट धरलं. तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे बघितलं.

"तब्येत चांगली आहे तुझी," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी होईल."

चहा मात्र त्यांनी पूर्ण संपवला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चहाने काय वाकडं केलं होतं आपलं?"

मग सुरू झालं ते काम, जे मी माझ्या धंद्यात त्याआधी कधी केलं नव्हतं. बिलाचा कॉम्प्युटर जरा हळू चालला तर कुणाचं अडत नाही. गिटारचं तसं नसतं. कुसगावात सिस्टरच्या घरी मी तो कॉम्प्युटर मांडला. गिटारचा आवाज आत घेणारी छोटी पेटी एका हॉटेलात गाणाऱ्या ओळखीच्या पोराकडून आणली. माईक लावला, हेडफोन त्यांच्या कानावर चढवला. त्यांनी तार छेडली आणि लगेच हेडफोन काढून ठेवला.

"मी आत्ता वाजवलं. हा मला नंतर ऐकवतोय."

उशीर डोळ्यांची पापणी लवण्याइतकाच होता. पण वाजवणाऱ्याला तेवढ्यात ठेचकाळायला होतं. मी त्यांना समजावलं, कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने पुढे देत नाही. बादली भरतो आणि मग ओततो. बादली मोठी असली की उशीर होतो.

"मग लहान बादली दे."

लहान दिली. आता आवाज वेळेवर आला, पण त्यात तडतड सुरू झाली, कढईत मोहरी उडावी तशी. लहान बादली सारखी भरायची आणि ओतायची म्हणजे म्हाताऱ्याला धाप लागत होती.

"धाप का लागते ते बघ," सिस्टर म्हणाल्या. "बाकी कसल्या कामाला लावलंय त्याला?"

मी पडद्यावर यादी उघडून दाखवली. मागे गुपचूप चालणारे कितीतरी प्रोग्रॅम होते. हवामान सांगणारा, फोटो लावणारा, मुलाच्या जुन्या खेळांचा, आणि एका प्रिंटरचा, जो प्रिंटर कधीच भंगारात गेला होता. सिस्टरनी चष्मा लावून ते सगळं पाहिलं. त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती मी लहानपणी दवाखान्यात पाहिली होती.

"एका पेशंटभोवती इतके नातेवाईक? बाहेर काढ सगळ्यांना."

एकेक करून बाहेर काढले. प्रिंटरवाला पुन्हा पुन्हा परत येत होता. "हा जावई दिसतोय," त्या म्हणाल्या. जुनी खरखरणारी डिस्क काढून नवी बसवली, मेमरी वाढवली. वाजवताना इंटरनेटची वायर उपटून ठेवायची असा नियम केला. तो नियम का करावा लागला, तर एकदा अर्धं गाणं झालेलं असताना कॉम्प्युटरने परस्पर स्वतःला बंद केलं आणि पडद्यावर लिहिलं की नवीन सुधारणा बसवत आहे, कृपया थांबा. सिस्टर गिटार मांडीवर घेऊन त्या पडद्याकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "माझ्या घरात मला थांब म्हणतोय."

बादलीचं माप लहान करत करत एका ठिकाणी आलं, जिथे उशीरही जाणवेना आणि तडतडही होईना. त्यांनी हेडफोन लावला, एक लांब सूर धरला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं. पण डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "याचा श्वास ऐकू येतोय."

पंख्याचा आवाज. मी म्हटलं, तेवढा चालतो. त्या म्हणाल्या, रात्रपाळीला ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी बसून त्यांचे कान असे झालेत की चालत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावून खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला भोक पाडलं. कॉम्प्युटर पलीकडे गेला, ज्वारीच्या डब्याशेजारी. वायरी भिंतीतून अलीकडे आल्या, पडदा आणि माईक खोलीत राहिले. पाहुणे विचारायचे, स्वयंपाकघरात हे काय? सिस्टर सांगायच्या, "आयसीयू."

तरीही खाली कुठेतरी एक घुंऽऽ असा आवाज राहिलाच होता. तो शेजाऱ्याची पाण्याची मोटर लागली की वाढायचा. घराला अर्थिंग धड नव्हतं. परसात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून पट्टी गाडली, तेव्हा कुठे तो गेला. शेजारच्या मावशी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, गिटार वाजवायला खड्डा कशाला गं?" सिस्टर म्हणाल्या, "ज्याने गाणं चोरलं त्याला पुरायला."

रेकॉर्डिंग दिवसाउजेडी व्हायचं. पावसाळ्यात पत्रा इतका वाजायचा की माईक उघडण्यात अर्थ नव्हता, त्या दिवसांत त्या फक्त सराव करायच्या. उघडीप मिळाली की मला फोन, "दुकान दुसऱ्यावर टाक आणि ये." आवाज त्यांचा गोड नव्हता. जरा जाडा, सरळ, पाठ ताठ करून चालणाऱ्या माणसासारखा. एका ठिकाणी सूर किंचित उतरत होता. मी म्हटलं, आता प्रोग्रॅममध्ये सूर नीट करता येतो, कुणाला कळत नाही.

"माझ्या आवाजाला इस्त्री नको," त्या म्हणाल्या. "लोकांना कळू दे, साठीच्या बाईने म्हटलंय."

रुळाच्या गाण्याच्या वेळी तर मधेच घाटाकडे जाणाऱ्या गाडीने लांब भोंगा दिला. तो जसाच्या तसा माईकमध्ये आला. मी बटणाकडे हात नेला, पुन्हा घ्यावं म्हणून. त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि गाणं पुरं केलं. मग हेडफोन काढून ठेवला.

"राहू दे," म्हणाल्या. "वडिलांना भोंगा ऐकल्याशिवाय जेवण जायचं नाही."

गिटार झाली, आवाज झाला, तेव्हा ढोलकीचा प्रश्न आला. कॉम्प्युटरमध्ये तयार ढोलकी मिळते. ती मी लावून दाखवली. सिस्टरनी निम्म्यातच हात वर केला. मग मी त्यांना गाडीवर मागे बसवून तिकोणा पेठेला नेलं. तिथे किल्ल्याच्या पायथ्याला, वरच्या वस्तीत, गेणूंच्या पार्टीचा जुना ढोलकीवाला राहत होता. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होता. सिस्टरना त्याने आवाजावरून ओळखलं.

"गेणूभाऊची पोर का गं तू? मंग हितं उभी का? आत ये की."

तो डोंगरातल्या वस्तीचा, कोळ्यांपैकी. मी त्याला विचारलं, तुम्ही भीमगीतांच्या पार्टीत कसे?

"आमच्यातली बी इचारायची," तो हसला. "तू कशाला जातो त्यांच्यात? म्या म्हनायचो, ते बोलावत्यात, पोटभर जेवाय घालत्यात, आन माझी ढोलकी गप बसून ऐकत्यात. तुमी ऐकता का?"

सिस्टरनी त्याला डीजेवाल्याचं गाणं ऐकवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "आन गेणूभाऊ कुटं गेला ह्याच्यातला?"

"काढून टाकला," सिस्टर म्हणाल्या.

"असा कसा काढला? कडव्याला जोर तर तितं हाय. तितंच तर ढोलकी फिरते." आणि समोर ढोलकी नव्हती म्हणून त्याने शेजारच्या पालथ्या पाटीवरच बोटांनी ती फिरवून दाखवली. मग ते शेवटचं कडवं दोघांनी अंगणात म्हटलं:

भीमानं दिली लेखणी, शाई आमच्या घामाची,
कुसगावचा गेणू म्हणे, ही गाडी आमच्या नावाची.

पुढच्या आठवड्यात तो नातसुनेबरोबर कुसगावात आला, हेडफोनला 'कानटोपी' म्हणत तो घालून बसला आणि दोन दिवसांत सगळ्या गाण्यांवर ढोलकी वाजवून गेला. जाताना भिंतीच्या भोकातून पलीकडच्या कॉम्प्युटरकडे डोकावला. "लय शाना हाय," म्हणाला. "मधी मधी बोलत न्हाई."

गाणी तयार झाली. जिथे सगळे लोक गाणी टाकतात त्या ठिकाणी आम्ही ती चढवली. पहिल्यांदा रुळाचं गाणं. वर गीतकार म्हणून गेणूंचं पूर्ण नाव. मी विचारलं, गायिकेचं काय लिहू? सिस्टर म्हणाल्या, "त्यांची मुलगी. तेवढं बस झालं."

संध्याकाळी मी दुकान आवरत होतो, तेव्हा निरोप आला. पडद्यावर लाल खूण होती. खाली लिहिलं होतं की या ध्वनिफितीत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं सापडलं आहे, म्हणून ती थांबवण्यात आली आहे. दुसरा म्हणजे तोच तळेगावचा. त्याचं गाणं आधी नोंदलेलं होतं, आणि यंत्राला चाल सारखी वाटली. यंत्राच्या लेखी चोर सिस्टर होत्या.

हे त्यांना सांगायला मी दुकान बंद करून कुसगावला गेलो. त्या ओट्यावर कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. ऐकून घेतलं. काड्या बाजूला केल्या, हात धुतले.

"उत्तर देता येतं?"

"येतं. आपला हक्क कसा ते लिहायचं. पण सिस्टर, तेही कागद मागतील. आपल्याकडे..."

"लिही. मी सांगते."

मी बसलो. त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, वॉर्डात डॉक्टरांच्या मागे उभ्या राहायच्या तशा. सांगू लागल्या, मी टाइप करत गेलो.

"हे गाणं माझे वडील गेणू यांनी रचलं. ज्या दिवशी मी नर्सिंग शिकायला पुण्याला निघाले त्या दिवशी ते मला लोणावळा स्टेशनवर सोडायला आले होते. त्यांनी जन्मभर रूळ दुरुस्त केले, पण घरातलं माणूस तिकीट काढून शिकायला निघालेलं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी खिडकीपाशी बसले होते. ते फलाटावर उभे राहून ओठ हलवत होते. मला वाटलं, काहीतरी सांगतायत, म्हणून मी खिडकीतून वाकले. ते सांगत नव्हते. गाणं जुळवत होते."

माझी बोटं थांबली. मी वळून पाहिलं.

"म्हणजे गाण्यातली पोर..."

"मीच. दुसरी कोण?"

"इतके दिवस बोलला नाहीत."

"त्या तळेगावच्याने विचारलं का? तू विचारलंस का? सगळ्यांना पुरावा पाहिजे होता." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "पुढे लिही. पारंपरिक पोर तुमच्यासमोर उभी आहे. तिचं वय झालंय, पण तिला सगळं आठवतं. खाली माझं नाव घाल. आता पूर्ण घाल."

त्यासोबत आम्ही तिकोणा पेठेच्या ढोलकीवाल्याचं फोनवर रेकॉर्ड करून घेतलेलं बोलणंही पाठवलं. कुणाच्या लग्नात हे गाणं म्हटलं, पेटीवर कोण होतं, पाऊस कसा आला, सगळं त्याने मावळी बोलीत सांगितलं होतं. दूर कुठेतरी बसलेल्या माणसाला त्यातलं किती कळलं असेल, कुणास ठाऊक. मधे बरेच दिवस गेले. सिस्टरनी थांबायला साफ नकार दिला. त्या बाकीची गाणी एकामागून एक चढवत राहिल्या. "एक अडवलं म्हणून सगळी बसवून ठेवू का?" आणि एका सकाळी रुळाच्या गाण्यावरची लाल खूण गेलेली होती. कुणी माफी मागितली नाही, कुणी काही कळवलंही नाही. तळेगावच्या गाण्यापुढे अजूनही 'पारंपरिक' असंच आहे. मी त्यावर चिडलो होतो. सिस्टर म्हणाल्या, "त्याचं अर्धं आहे, आपलं पुरं आहे. ज्याला कान आहेत तो मोजेल."

मागच्या वर्षी, दिवाळीच्या आधी, सिस्टर गेल्या. हृदयाने दगा दिला. दवाखान्यात नेलं तेव्हा ड्यूटीवरच्या पोरीला त्या सलाईनची सुई कुठे लावायची ते सांगत होत्या, असं तिनेच मला रडत सांगितलं. तिकोणा पेठेचा ढोलकीवाला पुण्यानुमोदनाला आला होता. बुद्धवंदना झाल्यावर परसातल्या फणसाखाली एकटाच बसून होता.

त्यांची आठवण निघाली की लोक इंजेक्शनच्या गोष्टी सांगतात. मला मात्र त्याआधीच्या उन्हाळ्यातली एक वरात दिसते.

कुसगावाकडून मुख्य रस्त्याला लागणारी वरात होती. पुढे डीजेचा टेम्पो, त्यापुढे नाचणारी पोरं, मागे फुलांनी सजवलेल्या गाडीत नवरानवरी, आणि त्यामागे शनिवारच्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग. मी सिस्टरना घरी सोडायला निघालो होतो. टेम्पोवर रुळाचं गाणं लागलं, तेच कापलेलं. सिस्टर माझ्या गाडीवरून उतरल्या, चालत गेल्या आणि टेम्पोच्या समोर हात आडवा करून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

"आजी, बाजूला व्हा," वरून डीजेवाला म्हणाला.

"गाणं अर्धं आहे."

"आमच्याकडे एवढंच आहे."

"याच्याकडे पूर्ण आहे," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ते लाव."

नाचणाऱ्यांतला एक जण पुढे आला, पण त्याच्या मावशीने मागून त्याचा शर्ट ओढला आणि कानात काहीतरी सांगितलं. बहुतेक हेच की या सिस्टर आहेत, तुझ्या जन्माच्या वेळी याच होत्या. मी फोन वर दिला. डीजेवाल्याने वायर लावली.

त्या राक्षसी भोंग्यांतून गिटार आली. ठोके नाहीत, काही नाही. आधी ती एकटी, मग ढोलकी, मग तो जाडा सरळ आवाज. पोरं हात अर्धे वर करून थबकली. कसं नाचायचं ते त्यांना कळेना. एक जण "बंद करा राव" म्हणाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. पण वरातीत मागे चालणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपैकी एकीने सूर धरला, मग दुसरीने, आणि शेवटच्या कडव्याला तर सजवलेल्या गाडीची काच खाली झाली. नवरी बाहेर डोकावून म्हणत होती. तिला ते कुठून येत होतं, मी कधी विचारलं नाही.

सिस्टर स्वतः गात नव्हत्या. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून, हात आडवा तसाच ठेवून, त्या ऐकत होत्या. शेवटची तार विरली. मागे हॉर्नचा गलका, पुण्या-मुंबईच्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. सिस्टरनी पदर खोचला, टेम्पोच्या बोनेटवर पंजाने दोन थापा मारल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला आता पुढं. किती वेळ रस्ता अडवून ठेवणार?"